बॉडी गेली, चासी उरली: जुन्या गाडीसाठी जुळणारी बॉडी कशी शोधायची

शेडमध्ये चासी उभी आहे. चार चाकं, इंजिन, आकाशाकडे तोंड करून उभा स्टिअरिंगचा दांडा, आणि सीटच्या जागी एक लाकडी खोकं. बॉडी गंजून गेली असेल, जळाली असेल, किंवा आधीच्या कुठल्या मालकाने "दुसरी बसवू की" म्हणून भंगारात घातली असेल. माझ्याकडे १९३० च्या फोर्ड मॉडेल ए ची चासी अशाच अवस्थेत आली. वर बसवायला बॉडी मिळाली तीही मॉडेल ए चीच, १९२९ ची. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, दोन्हींचा १०३.५ इंच. मी खुशीत पैसे मोजून मोकळा झालो.

बॉडी बसली. बोल्टही लागले. बॉनेट मात्र काही केल्या बसेना. १९३० मध्ये फोर्डने रेडिएटर उंच केला आणि त्याबरोबर बॉनेटची, काउलची (बॉनेट आणि पुढची काच यांमधला बॉडीचा भाग) रेघही बदलली. चाकं २१ इंचांवरून १९ वर आली, म्हणून मडगार्डही वेगळे. माझ्या चासीवर रेडिएटर एका उंचीवर आणि काउल दुसऱ्या, मधे बॉनेट तिरकं लटकलेलं. ती बॉडी विकून बरोबर वर्षाची शोधण्यात पुढचं दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात जे कळलं ते खाली क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण माझी चूक एकच होती: चासीचं माप घ्यायच्या आधी बॉडी बघायला गेलो.

१. मुळात तुमच्या गाडीची बॉडी वेगळी होते का?

काही गाड्यांत खाली पोलादाची शिडीसारखी चासी असते आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली. काहींत बॉडी हीच चासी, म्हणजे मोनोकॉक. लॅन्शिया लॅम्बडा १९२२ मध्ये आणि सिट्रोएन ट्रॅक्शन आवां १९३४ मध्ये या वाटेने गेल्या. रोल्स-रॉइसची पहिली मोनोकॉक म्हणजे १९६५ ची सिल्व्हर शॅडो. तेव्हा नुसतं सालावरून ठरवू नका. मोनोकॉक गाडीत "बॉडी बदलणं" म्हणजे गाडीच बदलणं, आणि तो विषय इथला नाही.

फोक्सवॅगन बीटल मधली म्हणावी लागेल. तिची बॉडी खालच्या पॅनवरून, म्हणजे सपाट तळावरून, बोल्ट काढून उचलता येते, पण बॉडीशिवाय ते पॅन एकटं फार ताठ राहत नाही. उघडं पॅन हलवताना चारही बाजूंनी आधार द्या.

२. चासी नेमकी कोणती, ते कागदावर आणा

विकणारा सांगतो ते मॉडेल आणि वर्ष हा एक अंदाज धरा. शंभर वर्षांत इंजिन बदललेलं असतं, अॅक्सल बदललेला असतो, रजिस्ट्रेशनवर कुणीतरी सोयीचं साल लिहिलेलं असतं. चासीवर ठोकलेला नंबर शोधा आणि त्या मॉडेलच्या नंबरांच्या यादीशी ताडून पाहा. मॉडेल ए मध्ये हा नंबर डाव्या रेलच्या (चासीच्या लांब बाजूच्या तुळईच्या) वरच्या अंगाला, काउलखाली दडलेला असतो. बॉडी वर असताना दिसतच नाही. म्हणजे तुमची चासी उघडी आहे हीच संधी. वायर ब्रशने हळू साफ करा, ग्राइंडर लावू नका, तिरक्या उजेडात फोटो काढा. पुढे कागदपत्रांच्या वेळी हाच फोटो सगळ्यात जास्त कामी येतो.

नंबरासोबत स्टिअरिंग डावं की उजवं, गिअरचा दांडा कुठून वर येतो, हँडब्रेक मधे की बाजूला, हेही लिहून ठेवा. फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधली भिंत) आणि फ्लोअरची भोकं यावरच ठरतात.

३. चासी सरळ आहे का?

ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळू नका. वाकड्या चासीवर जगातली कुठलीच बॉडी नीट बसत नाही, आणि दोष मात्र बॉडीच्या माथी मारला जातो.

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत: पोलादी टेप, ओळंबा, खडू, बारीक घट्ट दोरी, पाणलेव्हल आणि चार भक्कम स्टँड. सपाट फरशीवर चासी स्टँडवर लेव्हलमध्ये उभी करा. दोन्ही रेलवर एकमेकांसमोर येणाऱ्या खुणा निवडा: स्प्रिंगच्या हँगरची भोकं, बॉडी माउंटची (बॉडी जिथे बोल्टने बसते त्या जागांची) भोकं. प्रत्येक भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खडूची फुली मारा. मग चासी बाजूला सारा. फरशीवर उरतो तो तुमच्या गाडीचा नकाशा. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत मोजा, मग उलट कर्ण मोजा. दोन्ही सारखे हवेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जुन्या चासीत चालून जातो. बोटभर फरक असेल तर एक रेल कधीतरी धडकेत मागे सरकली आहे.

रेल मधे खचली आहे का हे बघायला तिच्या वरच्या सपाट भागावर टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणा. पीळ बघायला पुढच्या आणि मागच्या क्रॉस-मेंबरवर (दोन रेल जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) लेव्हल ठेवा. पुढे बुडबुडा मधे आणि मागे एका बाजूला असेल तर चासी पिळली आहे. दुरुस्ती आधी इथे, बॉडीचा शोध नंतर.

एक फसवी गोष्ट. व्हीलबेस दोन्ही बाजूंनी मोजा. डावीकडे आणि उजवीकडे वेगळा आला तर लगेच चासीला दोष देऊ नका. गाडीच्या लांबीत बसवलेल्या पाट्याच्या स्प्रिंगमधला सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल स्प्रिंगवरून पुढे-मागे सरकतो. अशा एका दुसऱ्या गाडीवर मी अर्धा दिवस चासी वाकडी आहे असं समजून डोकं धरून बसलो होतो, आणि दोष निघाला एका बोल्टचा.

४. मापांचा कागद तयार करा

आता सगळी मापं एकाच ठिकाणापासून घ्यायची. मी पहिल्या बॉडी माउंटच्या भोकाचा मध्य धरतो. अॅक्सलपासून मोजू नका, का ते वर सांगितलंच. कागदावर चासीचं वरून आणि बाजूने साधं चित्र काढा आणि ही मापं त्यावरच लिहा:

- व्हीलबेस, आणि पुढचा-मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर)
- प्रत्येक बॉडी माउंटचं अंतर, भोकाचा व्यास, आणि दोन रेलमधलं त्या जागचं अंतर
- मागच्या अॅक्सलवरून रेल कुठे चढते, किती चढते, कुठे उतरते
- इंजिनच्या मागच्या टोकापासून फायरवॉलच्या माउंटपर्यंतची जागा
- स्टिअरिंग कॉलमचा कोन आणि तो फायरवॉलच्या जागी किती उंचीवर येतो
- पेडल, गिअरचा दांडा, हँडब्रेक यांच्या जागा
- रेडिएटरची वरची कड चासीपासून किती उंच
- पेट्रोलची टाकी कुठे बसते

शेवटून दुसरं माप मी पहिल्या वेळी घेतलं नव्हतं. परिणाम वर वाचलाच.

टाकीच्या ओळीवरही जरा थांबा. मॉडेल ए ची टाकी काउलमध्येच घडवलेली असते. काउल नसलेली बॉडी स्वस्तात मिळाली म्हणून उचललीत तर टाकीही गेली आणि डॅशबोर्डचा आधारही गेला. ऑस्टिन सेव्हनची गंमत वेगळी: तिची चासी मागच्या अॅक्सलच्या आधीच संपते, तिथून पाव-लंबवर्तुळी स्प्रिंगा मागे जातात. बॉडीची शेपटी चासी संपल्यावर मागे, हवेत असते. तिथे मागचे माउंट शोधत बसू नका.

५. कोणत्या बॉडीला कोणती चासी चालते

नवख्याची सगळ्यात मोठी फसगत व्हीलबेसमुळे होते. व्हीलबेस जुळणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. एमजी टीसी (१९४५–४९) आणि टीडी (१९५०–५३) घ्या. दोन्हींचा व्हीलबेस ९४ इंच, दिसायला बहिणी. पण टीसीच्या रेल मागच्या अॅक्सलखालून जातात आणि टीडीच्या वरून कमान घेऊन. टीसीची बॉडी टीडीवर ठेवली तर मागचा फ्लोअर रेलवर आदळतो.

उलट, नाव तेच आणि व्हीलबेस वेगळा, असंही होतं. ऑस्टिन सेव्हन सुरुवातीला ७५ इंचांची होती, १९३० च्या दशकात ८१ इंचांची आली. लँड रोव्हर ८० इंचांपासून सुरू झाली, मग ८६, मग ८८. लांब गाडी १०७ ची १०९ झाली. शेवटचे ते दोन इंच डिझेल इंजिनला जागा व्हावी म्हणून वाढवलेले. अशा वेळी विचारायचा प्रश्न हा की वाढलेले इंच नेमके कुठे गेले? फायरवॉलच्या पुढे गेले असतील तर मागची बॉडी तीच चालू शकते, मडगार्ड नाही. दारात गेले असतील तर काहीच चालत नाही.

फोर्डमध्ये वर्ष नेमकं धरा. १९३१ पर्यंत मॉडेल ए १०३.५ इंच, १९३२ ची गाडी १०६ आणि १९३३–३४ ची ११२. तीन-चार वर्षांत तीन चासी. "तिशीतली फोर्ड बॉडी" अशी जाहिरात दिसली तर वर्ष कळेपर्यंत जागचं हलू नका.

बीटलवाल्यांना एकच इशारा: १३०२ आणि १३०३ मॉडेलला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, साध्या बीटलला टॉर्शन बारचा बीम (पुढच्या सस्पेन्शनचे हे दोन वेगळे प्रकार). पॅनचं पुढचं डोकं आणि बॉडीचा पुढचा भाग दोन्हींत वेगळे. कारमन घिया बीटलच्याच घरची, पण तिचं पॅन रुंद.

सोपी घराणीही आहेत. ट्रायम्फ हेराल्ड (१९५९–७१) आणि व्हिटेस यांचा व्हीलबेस ९१.५ इंच, बॉडी तुकड्या-तुकड्यांत बोल्टने जोडलेली, छप्परही सुटतं. पहिलाच प्रकल्प असेल आणि गाडी अजून ठरायची असेल, तर माझं मत विचाराल तर अशीच एखादी घ्या. महायुद्धाआधीच्या मोठ्या रोल्स-रॉइस किंवा बेंटली मात्र नुसती चासी म्हणून विकल्या जात, बॉडी बाहेरचे कारागीर बांधत, आणि त्या काळातही मालक बॉडी बदलून घेत. तिथे "मूळ बॉडी" हा प्रश्न काळाशी सुसंगत काय, इथवरच येऊन थांबतो.

बंद बॉडी उघडीपेक्षा जड असते. रोडस्टरच्या चासीवर सेडान बसवत असाल तर स्प्रिंगा आणि ब्रेक त्या वजनाला पुरतात का ते आधी तपासा. बंद बॉडीच्या गाड्यांना कारखान्यातूनच कडक स्प्रिंगा दिलेल्या असत.

६. शोधायचं कुठे

त्या मॉडेलच्या मालकांचा क्लब, पहिला आणि शेवटचा पत्ता. जाहिरातीत न येणाऱ्या बॉडी तिथल्या माणसांच्या शेडमध्ये पडलेल्या असतात. दुसरी जागा म्हणजे उलट प्रकारचे लोक: ज्यांची चासी सडली आणि बॉडी उरली. हॉट रॉड करणारे (जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारे) चासी ठेवतात आणि बॉडी टाकतात, किंवा नेमकं उलटं. त्यांच्याशी ओळख ठेवा. माझी दुसरी बॉडी अशीच आली.

लोकप्रिय मॉडेलांसाठी नवी बनवलेली बॉडीही मिळते, पत्र्यात किंवा फायबरग्लासमध्ये. ती सरळ असते, गंज नसतो. पण मूळ चासीवर आपोआप बसेल असं समजू नका. माउंटची भोकं बहुधा तुम्हालाच पाडायची असतात. मोजून घ्या, विचारून घ्या, मग ऑर्डर द्या.

७. पाहायला जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

जाण्याआधी फोनवरच चार मापं मागा: पहिल्या ते शेवटच्या माउंटचं अंतर, काउलची रुंदी, काउलची उंची, दाराची रुंदी. टेप दिसेल असा फोटो मागा. जो विकणारा टेप लावायला तयार नाही त्याच्याकडे जाऊ नका.

बरोबर न्या: मापांचा कागद, टेप, टॉर्च, चुंबक, टोकदार टोच्या, आणि पुठ्ठ्याचा साचा. हा साचा मी चासीवरच कापला होता: फायरवॉलच्या आकाराचा पुठ्ठा, कॉलम आणि पेडलच्या भोकांसकट. समोरच्या बॉडीवर धरला की दहा सेकंदांत कळतं.

चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड ढिली, तिथे खाली पुट्टी. खाली वाकून बघा: सिल (दाराखालची पट्टी), दाराच्या पिलरचा (खांबाचा) पाय, काउलचे खालचे कोपरे. गंज तिथूनच चढतो. लाकडी सांगाड्याची बॉडी असेल, जशी टीसीची ॲश लाकडाची, तर पत्रा कितीही छान असो, टोच्या पिलरच्या तळाशी टोचून बघा. आत सहज शिरला तर लाकूड गेलं. लाकूड बदलता येतं, पण ते सुताराचं महिन्यांचं काम आहे, आणि भाव त्याच हिशोबाने ठरवा.

मग दारं. उघडा, बंद करा, पण त्याआधी दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. जमिनीवर नुसतीच ठेवलेली बॉडी वाकते, म्हणून दार लागत नाही एवढ्यावरून नाकारू नका. कर्ण दोन्ही बाजूंना सारखेच चुकत असतील तर ती आधार दिल्यावर बरीचशी सुधारते. एकाच बाजूचा कर्ण चुकत असेल तर अपघात.

दोन बॉडी कापून एक केलेली आहे का? सिलवर आणि छतावर, दारांच्या रेषेत, आतून वेल्डिंगची रेघ शोधा. आतला पत्रा खोटं बोलत नाही, कारण तिकडे कुणी पुट्टी मारत नाही.

८. कागदपत्रं

नियम प्रत्येक देशात वेगळे, म्हणून बॉडी घेण्याआधी तुमच्या नोंदणी कार्यालयाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालेल" म्हणणारा माणूस पुढच्या वेळी त्या खुर्चीवर नसतो. सोबत ठेवायचं:

- चासी नंबरचे फोटो आणि चालू रजिस्ट्रेशन
- उरलीसुरली जुनी बॉडी असेल तर तिचे फोटो
- बॉडीची खरेदी पावती, विकणाऱ्याच्या सहीने, कोणत्या गाडीची होती त्या उल्लेखासह
- ती मूळ गाडी रद्द झाल्याचा पुरावा, मिळत असेल तर
- बॉडीचा प्रकार बदलत असेल, म्हणजे सेडानची रोडस्टर होत असेल, तर त्याची परवानगी

बॉडीवर तिची स्वतःची पट्टी किंवा नंबर असेल तर तो तिथेच राहू द्या आणि पावतीत नोंदवा. चासीचा नंबर पुन्हा ठोकणं, घासणं, दुसऱ्या चासीवरून कापून जोडणं, यातलं काहीही करू नका, आणि "करून देतो" म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. फिवा ही जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, १९६६ पासूनची, ऐतिहासिक वाहन म्हणजे किमान ३० वर्षं जुनं आणि इतिहासाला धरून जपलेलं असं मानते. तिचं ओळखपत्र काढायचं असेल तर बॉडी बदलल्याचं लपवू नका. फोटोंसकट नोंद ठेवा.

९. उतरवणं आणि आणणं

बॉडी दुसऱ्या चासीवर असेल तर एकही बोल्ट ढिला करण्यापूर्वी आधार लावा. दाराच्या दोन्ही चौकटींत आडवा पाइप, एक तिरका, आणि डाव्या पिलरपासून उजव्या पिलरपर्यंत एक. उघड्या गाडीत हे केलं नाही तर उचलताच बॉडी पुस्तकासारखी मिटते. मोजलेले कर्ण मास्किंग टेपवर लिहून त्याच पाइपवर चिकटवा. वही हरवते, पाइप हरवत नाही. प्रत्येक माउंटखाली काय निघालं, रबर, डांबरी कॅनव्हास, लाकडाचा ठोकळा, किती जाड, ते क्रमांक घालून पिशवीत टाका.

१०. रंगाआधी एकदा बसवून बघा

चासी आता स्टँडवर नको, स्वतःच्या चाकांवर हवी, इंजिन आणि गिअरबॉक्स बसवलेले. वजन स्प्रिंगांवर आलं की रेल किंचित वाकते आणि बॉडीला त्याच वाकण्यावर बसायचं असतं. बॉडी खाली घ्या, सगळे बोल्ट हाताने चार-पाच आटे फिरवा, पान्याला हात लावू नका. आधी काउलचे बोल्ट जागेवर आणा, कॉलम बसवा, रेडिएटर बसवा, बॉनेट ठेवून बघा. बॉनेट बसलं तरच पुढे. मग मागे जात जात एकेक बोल्ट घट्ट करा आणि प्रत्येकानंतर दार लावून बघा.

दाराच्या फटीच सांगतात शिम (उंची वाढवायची पातळ चकती) कुठे घालायचा. वरची फट रुंद आणि खालची चिमटलेली असेल तर बॉडीची टोकं खाली गेली आहेत, टोकांच्या माउंटखाली वाढवा. वरची चिमटली असेल तर मध्य बसला आहे, मधल्या माउंटखाली वाढवा. एका वेळी एकच मिलिमीटर. सगळी दारं लागल्यावरच आधाराचे पाइप काढा, आणि काढल्यावर पुन्हा एकदा लावून बघा.

मग बॉडी परत उचलून रंगाला जाईल. त्याआधी प्रत्येक माउंटचे शिम तारेत ओवून त्या माउंटलाच बांधून ठेवा. माझ्या गाडीत मागच्या उजव्या कोपऱ्याला तीन लागले आणि बाकी सगळीकडे एकेक. रंगाऱ्याकडून बॉडी चार महिन्यांनी परत आली तेव्हा ते मला आठवत नव्हतं.